आपाचा सोमवार

आमच्या असोद्याला आपा सोमवारी यायची. मंगळवारी भादली, बुधवारी ममुराबाद, असे तिचे वार ठरलेले होते. दुपारी माणसं केळीच्या मळ्यात गेलेली असायची, भांडी घासून झालेली असायची, आणि गल्लीतल्या बायका एकेक करून आपापल्या ओट्यावर येऊन बसायच्या. कुणी तांदूळ निवडायला घ्यायचं, कुणी उसवलेलं शिवायला. आपाची वाट बघतोय असं कुणी म्हणायचं नाही.

तिचं नाव जैनब. जळगावच्या मणियारांपैकी. बांगड्या भरणं हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. पण नावाने तिला कुणी हाक मारली नाही, म्हाताऱ्यांचीही ती आपाच होती, थोरली बहीण. उंच, हाडकुळी, चालताना पाय जरा बाहेर टाकणारी. डोक्यावर टोपली आणि दोन्ही खांद्यांवर दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. ती कधी ओरडायची नाही. आधी काचेचा आवाज यायचा, मग ती दिसायची. शेजारच्या काशीबाईने एकदा विचारलं, "आपा, तू आवाज काहून देत नही व? भाजीवाले पाह्य कसे वरडतात."

"भाजी सुकी जास वो माय," आपा म्हणाली. "मन्ही बांगडी थोडीच सुकस."

तिचं माहेर धुळ्याकडचं, सोनगीरचं. सारी उमर जळगावात गेली तरी माहेरची बोली तिने सोडली नाही. आमच्याकडची बोली निराळी, आमच्या 'हाये'ला ती 'शे' म्हणायची, म्हणून काशीबाई तिला "आली व आपली शे-शे" असं चिडवायची. आपा टोपली उतरवता उतरवता म्हणायची, "आन् तुमी? पानी आनू रायली, भाकर करू रायली. दिवसभर रायली रायली. मंग काम कधी व्हस?" आणि सगळ्या हसायच्या. मी पण हसायची, पदर तोंडाला लावून. मला चारचौघींत बोलायला जमत नाही, तेव्हाही नव्हतं.

बांगडी भरताना ती माप विचारायची नाही. हात हातात घ्यायची, अंगठा आत दुमडायची, बोटांची मुळं दाबून बघायची आणि टोपलीत न बघता बरोबर ती माळ ओढायची. ज्या बाईचा हात कडक असेल तिला ती घरचं विचारायची. "काल काय म्हने तुन्ही सासू?" बाई सांगायला लागली, तिचा राग वर आला, की हात आपोआप ढिला पडायचा आणि बांगडी आत सरकलेली असायची. आपा म्हणायची, सासूचं नाव काढलं की साबण लागत नाही. एखादी बांगडी भरताना गेली तर फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, हे ती आमच्यापेक्षा कडक पाळायची. तुकडे स्वतःच्या फडक्यात वेचून घ्यायची, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. भरून झालं की बाई तिच्या पाया पडायची. आमच्याकडे तसंच आहे, बांगडी भरणारीच्या पाया पडतात, मग ती कुणाची का असेना. आपा डोक्यावर हात ठेवून पुटपुटायची आणि एक बांगडी वरची द्यायची.

माझं लग्न होऊन मी असोद्याला आले, त्या पहिल्या सोमवारी सासूने मला तिच्यापुढे बसवलं. माझा हात लाकडासारखा झाला होता. आपाने सासूचं काही विचारलं नाही, सासू तिथेच बसली होती. दोन्ही हातांत चार चार भरल्या आणि थांबली. सासूला म्हणाली, "पोर घाबरेल शे. आज इतल्याच. बाकीन्या पुढला सोमवारले." नंतर मला कळलं, असं ती कधी करत नसे. अर्धे हात भरून उठणं तिला आवडत नसे. त्या आठ दिवसांत मी रोज सोमवार किती लांब आहे ते बघत होते. नव्या घरात वाट बघायला काहीतरी झालं.

काशीबाईचा नवरा वारला तेव्हाची गोष्ट. काशीबाई ओट्यावर यायची बंद झाली. सोमवारी आपा आली, टोपली माझ्याकडे ठेवली आणि सरळ काशीबाईच्या घरात गेली. मी पाणी घेऊन गेले तर आपा तिचा मोकळा हात हातात घेऊन बसली होती. अंगठा दुमडत होती, बोटांची मुळं दाबत होती, बांगडी भरायच्या आधी करते तसं. बांगडी नव्हती. त्यानंतर प्रत्येक सोमवारी ती तेवढा वेळ काशीबाईकडे बसायची. काही महिन्यांनी आतून आवाज आला, "आली व आपली शे-शे." तेव्हा आपा बाहेर येऊन मला म्हणाली, "व्हयनी बरी."

तिची झोप सगळ्या गल्लीला माहीत होती. बांगड्या भरून झाल्या की माझ्या ओट्यावर ती टोपली उशाशी घेऊन आडवी व्हायची. बोलता बोलता झोपायची. एखादं वाक्य अर्धं राहायचं. पाव तास, वीस मिनिटं. रस्त्याने ट्रॅक्टर गेला तरी हलायची नाही. मग उठून राहिलेलं वाक्य पुरं करायची आणि जळगावच्या वाटेला लागायची.

ती सगळीकडे पायी जायची. जळगावचं रेल्वे फाटक ओलांडून आमच्या गावापर्यंत दीड तास, तेवढंच परत. बस होती, रिक्षा होत्या. एकदा उन्हाचं बघून आमचे हे तिला म्हणाले, "बस आपा गाडीवर, मी जळगावलेच जाऊ रायलो." ती नाही म्हणाली. ह्यांना वाटलं, मोटारसायकलवर परक्या माणसामागे बसायचं नसेल. ह्यांनी रिक्षा थांबवली. तरी नाही. ह्यांना जरा राग आला. नंतर ओट्यावर मी विचारलं, ती एकटी असली की मी तिच्याशी बोलायची.

तेव्हा तिने सांगितलं. तिचा नवरा गेला तेव्हा ती तिशीची होती. मुलं, अनिस आणि रुखसाना, लहान. तीन महिने तिला झोप आली नव्हती. पाठ टेकली की छातीत धडधड व्हायची, आत्ता कुणीतरी मरणार असं वाटायचं, उठून उठून मुलांच्या नाकाशी हात धरायची. वैद्य झाले, ताईत झाले. शेवटी तिच्या सासऱ्याने टोपली तिच्या डोक्यावर ठेवली आणि सांगितलं, जा, चार गावं फिरून ये. "पहिला दिवस रडत रडत गयू," ती म्हणाली. "राती पडनू ते सकाळले उठनू. तवापासून चाली राहिनू. मी थांबनू का ती भीती मांगेतून ई लागस, सिंधू. माले माहीत शे. ती रस्तावरच बठेल शे." मग हसून म्हणाली, "तुन्हा नवराले सांगू नको. त्याले वाटू दे, म्हातारी हेकट शे."

माझी वैशाली झाली तेव्हा बाराव्या दिवशी आपाने तिच्या मनगटात काळ्या मण्यांची बांगडी घातली. वैशाली मोठी होत गेली तशी मी दर वर्षी म्हणायची, आपा, हिच्या लग्नाचा चुडा तूच भरायचा. ती म्हणायची, "मंग काय दुकानवाला भरी?"

वैशालीचं लग्न चोपड्याला ठरलं, वैशाखातलं. फाल्गुनात आपा येऊन तिचा हात बघून गेली. तो तिचा शेवटचा सोमवार, पण तेव्हा तसं कुणाला वाटलं? पुढच्या आठवड्यात सगळं बंद झालं. गावाच्या पोरांनी जळगावकडच्या रस्त्यावर काट्या आणून टाकल्या, बाभळीच्या, आणि काठ्या घेऊन पाळीपाळीने बसायला लागली. गावातला माणूस बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. केळीच्या गाड्या येईनात, घड झाडावरच पिकले. जळगावात रोज माणसं दगावत होती. मोबाईलवर काहीबाही यायचं, अमक्यांनी रोग आणला, तमक्यांच्या गल्लीतून काही घेऊ नका. माझे मोठे दीर, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. मी आत स्वयंपाक करताना ऐकायची.

आपाचा फोन यायला लागला. अनिसच्या फोनवरून, आमच्या घरच्या फोनवर, दिवेलागणीला. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं कुणी गेलं. ती म्हणाली, "कोनी नही गयं. तुन्हा आवाज ऐकना व्हता." मी आवाज काय काढणार? मला फोनवर बोलायला त्याहून जमत नाही. तीच बोलायची. दोन खोल्यांत सात माणसं. बाहेरच्या दारापासून मोरीपर्यंत अकरा पावलं. ती सकाळपासून त्या अकरा पावलांत येरझाऱ्या घालत होती. "सून म्हनस, अम्मी, भुसावळ उनं का?" हे सांगून ती हसली. तिने हिशेब लावला होता. इतक्या फेऱ्या म्हणजे रेल्वे फाटक, इतक्या म्हणजे असोदा. एके दिवशी म्हणाली, "आज तुन्हा गावलोंग पोचनू सिंधू. पन तुन्हं दार काही सापडनं नही."

मग हसणं कमी झालं. खालचे लोक ओरडायला लागले, वर दिवसभर काय धपधप चालते म्हणून. अनिस म्हणाला, अम्मी, आता बस कर. ती बसली. आणि जे ती म्हणायची रस्त्यावर बसलेलं आहे, ते घरात आलं. पाठ टेकली की छातीत कुणी धावत सुटलंय असं वाटायचं. डोळा लागायचा आणि दचकून उठायची. सगळ्यांच्या नाकाशी हात धरून बघायची. सून जागी व्हायची, घाबरायची, चिडायची. दिवसा डोकं जड व्हायचं. "तीस वरीसमा मन्हा हात कधी हालना नही," ती म्हणाली. "आते चहाना कप हालस." दवाखाने दुसऱ्या कशाला उघडे नव्हते. मी म्हणायची, होईल बरं. दुसरं काय म्हणणार?

एका संध्याकाळी तिने विचारलं, "लगीननं काय?"

लग्न ज्येष्ठात धरलं होतं. परवानगी काढून, पन्नास माणसांत, अंगणातच. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मी येसू ना चुडा भराले?"

आबांनी आणि ह्यांनी आधीच ठरवलं होतं, जळगावचं कुणी नको. चोपड्याच्या व्याह्यांनीही तसंच कळवलं होतं. आपाचं नाव निघालं तेव्हा आबा म्हणाले, "तिचं त नावच काढू नका. उद्या गावात कोनाले ताप आला त सारे आपल्याकडे बोट दाखवतीन." माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं, आणि मी बोलले नव्हते.

मी फोनवर म्हणाले, "हो. ये ना."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तो निराळाच. आवाज मोकळा. "सिंधू, तू हो म्हटलं ना, राती दोन घंटा झोप लागनी. इतल्या दिवसमा पहिल्यांदा." त्या दिवशी पुन्हा विचारलं, येसू ना? मी पुन्हा हो म्हटलं. मग रोज ती दिवेलागणीला तेवढंच विचारायला फोन करायची आणि मी हो म्हणायची. सकाळी ह्यांच्या चहाचं आधण ठेवताना मनात यायचं, आज झोपली असेल. मला वाटायचं मी तिला औषध देतेय. नाही म्हणायचं धाडस मला नव्हतं, हे त्याच्याखाली दडलेलं होतं. फाटकावर पोलीस होते. गावच्या वेशीवर काट्या होत्या. मी मनात धरून चालले होते, की जे मला म्हणता येत नाही ते पोलीस म्हणतील. ती घरातूनच निघू शकणार नाही, आणि माझा शब्दही मोडणार नाही.

हळदीचा दिवस विचारला, तोही मी सांगितला. कसा नाही सांगणार?

हळदीच्या दिवशी सकाळी मी वैशालीला आतल्या खोलीत घेऊन बसले. ह्यांनी चोपड्याहून बांगड्यांचा डबा मागवला होता, मापाचा अंदाज लावून. त्या लहान निघाल्या. मी तिच्या हाताला साबण लावून भरत होते. माझ्या हातात ती कला नाही. तिचा अंगठा सोलवटला, ती ओठ दाबून बसली होती. चारपाच चढल्या होत्या, दोन वाढल्या होत्या.

तेवढ्यात गल्लीतून पोरगी पळत आली, वेशीवर आपा आली म्हणून. फाटकाचा रस्ता टाकून ती नाल्याच्या कडेने, शेतांतून आली होती. तोंडाला ओढणी बांधलेली, डोक्यावर टोपली. पोरांनी काठी आडवी धरून तिला काट्यांच्या पलीकडे उभं केलं होतं. ती त्यांना सांगत होती, सिंधूने बोलावलंय, विचारा तिला.

आबा अंगणातून आत आले. ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बोलावलं?"

मी म्हणाले, "नही."

"मंग बस मधीच. भायेर येऊ नको."

आमचं घर वेशीपासून चौथं. हाक आली.

"सिंधू!"

तीस वर्षांत तिने आमच्या गल्लीत कधी हाक मारली नव्हती. आवाज फाटका होता, बिनसवयीचा. मी वैशालीचा हात धरून होते, बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडकली होती. वैशालीने माझ्याकडे बघितलं. "आई, आपा हाये."

मी म्हणाले, "हात ढिला सोड."

दुसऱ्यांदा हाक आली. वैशाली म्हणाली, "आई, मी जाऊ का? लांबून बोलून येते." मी तिचा हात घट्ट धरला आणि बांगडी दाबली. ती वाढली. तिच्या मनगटावर बारीक रक्त आलं. तिसरी हाक आली ती पहिल्या दोन्हींपेक्षा हळू होती. मग आली नाही. मी दाराआड जाऊन उभी राहिले. उंबरा ओलांडायचा राहिला होता. एवढाच.

दुपारी वेशीवरच्या पोराने एक गाठोडं आणून अंगणाच्या कोपऱ्यात दगडावर ठेवलं. आपाने दिलं होतं, नवरीसाठी. आबांनी त्याच्यावर औषध फवारलं आणि सांगितलं, तीन दिवस उन्हात राहू द्या, कुणी शिवू नका. तीन दिवसांनी वैशाली चोपड्याला गेलेली होती. मी गाठ सोडली. हिरवा चुडा होता, मध्ये मध्ये सोनेरी रेघ, आणि वरची एक. पुढे श्रावणात वैशाली आली तेव्हा मी तिच्या हातात घालून बघितल्या. एकही अडली नाही. वैशाली म्हणाली, "किती सोप्प्या गेल्या, आई." मी चुलीकडे बघायला गेले.

हळदीच्या त्या संध्याकाळी आपाचा फोन आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. मी करायचा होता. रोज दिवेलागणीला मी फोनजवळून जायची. काय बोलायचं ते मनात जुळवायची, आणि जुळायचं नाही. म्हणून राहिलं. असं म्हणून राहिलेलं किती दिवस चालतं, ते मला आता कळतंय.

गाव उघडलं. केळीच्या गाड्या लागल्या, भाजीवाले ओरडत यायला लागले. सोमवारी बायका ओट्यावर बसायच्या आणि उठून जायच्या. काशीबाई म्हणाली, "ती येत काहून नही व? तुले त माहीत असीन." मी म्हणाले, मला काय माहीत. पुढे जळगावच्या बाजारात काशीबाईला अनिस भेटला, त्याच्याकडून तिने खबर आणली. हळदीच्या दिवशी वेशीवरून परत जाताना फाटकाजवळ पोलिसांनी आपाला अडवलं, उन्हात तास दोन तास बसवून ठेवलं. घरी आली ती त्या रात्रीपासून झोपलीच नाही. दिवसचे दिवस. मग गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी झोप यायची पण पायातलं बळ गेलं. सगळं उघडल्यावर अनिस तिला म्हणाला, जा अम्मी, फिरून ये, तर दारापर्यंत जायची आणि वळायची. म्हणायची, गावं बंद आहेत. तो म्हणायचा, उघडली अम्मी. ती म्हणायची, तुला नाही माहीत. शेवटी धुळ्याला दिलेल्या रुखसानाने तिला आपल्याकडे नेलं.

मी धुळ्याला गेले ती गेल्या दिवाळीनंतर. ह्यांच्या मावसबहिणीचं ऑपरेशन होतं, तिच्याजवळ दोन दिवस राहायला गेले होते. अनिसकडून काशीबाईने पत्ता लिहून आणला होता, तो मी पिशवीत घेऊन गेले. ह्यांना सांगितलं नव्हतं. एका दुपारी विचारत विचारत गेले. सगळा यंत्रमागांचा भाग. घराघरातून खटखट खटखट, माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. दारात रुखसाना होती. तिने मला ओळखलं नाही, मी असोदा म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. राग होता की काय, मला कळलं नाही. आत वळून म्हणाली, "अम्मी, देखो कौन आया. असोदेवाली."

आपा खाटेवर बसली होती. तिचं अंग भरलं होतं, गोळ्यांनी असेल. मी पाया पडायला वाकले आणि तिच्या टाचा बघितल्या. पांढऱ्या आणि मऊ, लहान मुलासारख्या. एक भेग नव्हती. मी तशीच वाकलेली राहिले.

"बठ," ती म्हणाली. "पोरगी कशी शे?"

"बरी हाये. मुलगी झाली तिले."

"बांगड्या बसन्यात?"

"बरोबर बसल्या."

"बसतीनच," ती म्हणाली. मग यंत्रमागांचंच ऐकत बसली. मला वाटलं ती विसरली, मी समोर आहे ते. रुखसाना चहा टाकायला गेली. तेव्हा ती जरा पुढे वाकली.

"सिंधू, एक इचारू? त्या दिनले तुले मन्ही हाक ऐकू उनी नही ना?"

मी तिच्याकडे बघितलं.

"वारा तिकडला व्हता," ती म्हणाली. "पोरंबी गडबड करी राहिन्तात. आन् माले हाक माराले येत नही, तुले माहीतच शे. आवाज पोचना नसेल. अजून जोरमा माराले पाहिजे व्हती." मग म्हणाली, "रोज राती पडनू का मी तीच हाक मारस. मनमा. दर टाइमले जरा जोरमा. कधी ते तू येशी."

ती वाट बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की हो, वारा होता. तिने ते माझ्यासाठी मांडून ठेवलं होतं, मी फक्त उचलायचं होतं. आयुष्यभर मी असंच उचलत आले. पण तिला रात्री कितीदा हाक मारायला लावणार?

मी म्हणाले, "ऐकू आली आपा. तिन्ही खेपा आली. मी मधीच व्हती, मंग दाराच्या मांगे येऊन उभी रायली. आन् मी घरच्याहिले सांगितलं, का मी तुले बोलावलं नही."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ओट्यावर ती बाईचा हात बघायची, माप घ्यायला, तसंही नाही. नुसतं बघितलं. मग मान हलवली, जरा जरा, दोनतीनदा.

"मंग ठीक शे," ती म्हणाली. "मंग हाक मारानी गरज नही."

मला आणखी बोलायचं होतं. आबांचं, व्याह्यांचं, पन्नास माणसांचं. ते सगळं खरं होतं आणि कामाचं नव्हतं. ती खाटेवर आडवी झाली, भिंतीकडे तोंड केलं. "माले आते झोप ई राहिनी," ती म्हणाली. "तू जाय. तुन्ही गाडी चुकी जाई."

रुखसाना चहा घेऊन आली. आईकडे बघून थबकली. मला हळू आवाजात म्हणाली, "अम्मी दिन को कभी सोती नहीं."

मी पायथ्याची चादर तिच्या अंगावर ओढली. तिचे डोळे मिटलेले होते. चादरीखाली पाय हलत होते, एक, मग दुसरा, मग पहिला. ती झोपली नव्हती, हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं असेल. मी चहा उभ्यानेच घेतला. बाहेर यंत्रमागांची एवढी खटखट होती, की माझ्या पावलांचा आवाज कुणाला येणार नव्हता. तरी मी चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच दारापर्यंत गेले.